टेल्युरियम आधी, आयोडीन नंतर

गांगुर्डे सरांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी एक लेख लिहून ठेवला होता. चार पानं, नीटनेटकी. सरांची विद्वत्ता, सरांचा साधेपणा, सरांची विद्यार्थ्यांवरची माया. समितीकडे नेऊन द्यायचाच तेवढा बाकी होता. तीन आठवड्यांपूर्वी तो मी फाडून टाकला. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण ज्या माणसाबद्दल मी लिहिलं होतं त्या माणसाबद्दलची सगळ्यांत मोठी गोष्ट मला ठाऊकच नव्हती, आणि ती गोष्ट माझ्यामुळे घडली होती. त्या धक्क्यातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही. म्हणून या लेखात कुठे घडी विस्कटलेली दिसली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

रीतीप्रमाणे पहिल्या भेटीपासून सांगते. एकोणीसशे त्र्याहत्तर सालचा जून महिना. लग्न होऊन मी नुकतीच नाशिकला आले होते आणि पंचवटीतल्या आमच्या शाळेत विज्ञानाची सहायक शिक्षिका म्हणून रुजू होत होते. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "विज्ञान विभागाचे प्रमुख काशिनाथ गांगुर्डे. प्रयोगशाळेत असतील, भेटून घ्या." मी गेले, दार लोटलं आणि उंबऱ्यातच थबकले. टेबलं भिंतीला सरकवलेली, दहावीची मुलं-मुली जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि त्यांच्या मधोमध, पांढऱ्या बुशशर्टातले एक सावळे, उंच गृहस्थ गुडघ्यांवर रांगत पत्ते मांडत होते. शाळेच्या वेळेत, वर्गात, मुलींना घेऊन पत्ते! मी खरोखर हादरले. दोन पावलं पुढे टाकली तोच ते ओरडले,

"बाई, पाय! तिथे पाय देऊ नका, तिथे पाहुणा यायचाय!"

मी पाय तसाच हवेत धरला. मुलं हसायला लागली. खाली पाहिलं तर माझ्या चपलेखाली एक कोरं कार्ड होतं.

ते पत्ते नव्हते. लग्नपत्रिकांची कार्डं होती. लग्नसराई संपली की सर शिक्षकांच्या खोलीत एक खोका ठेवत आणि प्रत्येकाला बजावत, "पत्रिका फेकायच्या नाहीत, मागची बाजू कोरी असते." त्या कोऱ्या बाजूवर एकेका मूलद्रव्याची संज्ञा, त्याचा पूर्णांकात लिहिलेला अणुभार, आणि खाली त्याचा स्वभाव. पाण्यात टाकलं तर काय करतं, ऑक्सिजनशी कसं वागतं, किती जणांचे हात धरतं. एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि दुसऱ्या बाजूला पोटॅशियम.

पाठ्यपुस्तकात आवर्तसारणी तयार छापलेली असते. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सरांना ते मान्य नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी ज्या रशियन प्राध्यापकांनी ही सारणी मांडली, त्यांच्याजवळ काही छापलेलं नव्हतं. मूलद्रव्यं साठएक ठाऊक होती, आणि ती कशी लावावीत याची कुणाला कल्पना नव्हती. सर म्हणत, मुलांनाही तिथूनच सुरुवात करू दे.

"वजनाने लावा," ते म्हणाले. मुलांनी हलक्यापासून जडाकडे कार्डं लावली. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन. निऑनसारखे वायू त्या काळी ठाऊकच नव्हते, म्हणून सरांनी त्यांची कार्डं बाजूला ठेवली होती. मग आलं सोडियम.

"थांबा. याचा स्वभाव वाचा."

एका मुलीनं वाचला. मऊ धातू, पाण्यात टाकला की उसळतो.

"असं आधी कुणी वाचलं होतं?"

"लिथियम, सर!"

"मग याला कुठे बसवू?"

"लिथियमच्या खाली!"

"आता मॅग्नेशियम?"

"बेरिलियमच्या खाली! सर, हे तर परत तसंच चाललंय!"

त्या "परत तसंच"मध्ये असा चकित आनंद होता, की दारात उभी असलेली मीही चकित झाले. मी पदवीधर होते. सारणी मला पाठ होती. पण ती कुणीतरी शोधून काढली असेल, तिच्यातली पुनरावृत्ती पहिल्यांदा दिसली तेव्हा एखाद्या माणसाच्या अंगावर काटा आला असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आणि ते कोरं कार्ड? अॅल्युमिनियमच्या खाली वजनाने जे पुढचं कार्ड येत होतं, त्याचा स्वभाव तिथे जुळत नव्हता. सर म्हणाले, "त्या प्राध्यापकांनी काय केलं असेल? ओढूनताणून बसवलं? नाही. जागा मोकळी सोडली. म्हणाले, इथला अजून सापडलेला नाही, पण तो असा असा असेल. पुढे काही वर्षांनी गॅलियम सापडलं, अगदी तसंच. पंगतीत एखादा यायचा असला तर आपण काय करतो? पाट मांडून ठेवतो. उचलत नाही."

एवढ्यात घंटा झाली आणि मला सातवीच्या वर्गावर जावं लागलं. त्या पाठाचा पुढचा अर्धा तास मी ऐकला नाही. पुढच्या वर्षीही त्याच वेळेला माझा सातवीचा तास होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या न ऐकलेल्या अर्ध्या तासामुळे घडलं.

सर मूळचे लासलगावजवळच्या एका खेड्यातले. वडील रेल्वेत कांद्याच्या गोण्या भरत, आई बाजाराच्या आवारात कांदा निवडायला बसे. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे. घरात शाळेचं तोंड पाहिलेले सर पहिलेच. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. शाळेत येताना पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन येत आणि दिवसभर त्यातलंच पाणी पीत. शिक्षकांच्या खोलीत माठ होता, पण सरांना बाहेरचं पाणी सोसत नाही, पोट नाजूक आहे, असं मी समजत होते. कुणी मला तसं सांगितलं होतं की मीच ठरवलं होतं, आता आठवत नाही.

त्यांच्या स्वभावाची एक आठवण सांगते. नववीत पेठकडच्या डोंगरातली एक मुलगी होती, सकू. वसतिगृहात राहायची. दिवाळीनंतर तिचे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घेऊन गेले. ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यावर पटावरचं नाव कमी करायचा नियम होता. सर वर्गशिक्षक. त्यांनी नाव कमी केलं नाही. रोज हजेरी घेताना ते तिचं नाव पुकारत आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "यायचीय, सर!" शेजारच्या वर्गात मला ते रोज ऐकू यायचं. मी एकदा विचारलंही, "सर, तपासणीत विचारलं तर?"

"तर सांगेन, जागा मोकळी आहे. रिकामी नाही."

होळी झाली आणि एके सकाळी सकू आली. बोटं फाटलेली, केस उन्हानं भुरकटलेले. सरांनी नाव पुकारलं. सवयीनं वर्ग ओरडला, "यायचीय, सर!" आणि मागच्या बाकावरून ती रागानं म्हणाली, "आलीये ना मी!" आज ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे आणि या ग्रंथात तिचाही लेख आहे.

आता त्या भिंतीकडे येते.

पंच्याहत्तर सालच्या सुरुवातीला शाळेची मोठी तपासणी होणार होती. मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं पुढचे मुख्याध्यापक गांगुर्डे सरच होते. कुणाच्या मनात शंका नव्हती. तपासणीसाठी प्रयोगशाळेबाहेरच्या लांब भिंतीवर आवर्तसारणी रंगवायचं ठरलं. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे रफिकभाई पेंटर आले. चौकटी आखून झाल्या आणि त्याच दिवशी लासलगावहून निरोप आला, सरांच्या आई गेल्या. निघताना सरांनी दोऱ्यानं बांधलेला कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "बाई, कार्डं क्रमानं लावलेली आहेत. रफिकभाईंना एकेक देत जा."

मी एकेक देत गेले. पाचव्या ओळीत आल्यावर माझा हात अडला. टेल्युरियम, अणुभार एकशे अठ्ठावीस. त्याच्यानंतर आयोडीन, एकशे सत्तावीस. जड आधी आणि हलकं नंतर? माझ्या डोळ्यांसमोर आलं, की आईच्या निरोपानंतर सरांचे हात थरथरले असतील, दोन कार्डं खालीवर झाली असतील. मला सरांची कणव आली. आणि त्या कणवेपोटी, अगदी खरं सांगते, त्यांची चूक झाकल्याच्या समाधानानं, मी ती दोन कार्डं उलटी केली.

रफिकभाईंनी विचारलंसुद्धा. "बाई, पक्कं ना? गठ्ठ्यात ते खाली होतं. ऑइलपेंट हाय, नंतर रॉकेलनं घासत बसाल."

"पक्कं," मी म्हणाले.

सर परत आले ते तपासणीच्या दिवशीच सकाळी. त्यांनी भिंत पहिल्यांदा पाहिली ती पाहुण्यांबरोबर. मी तेव्हा सातवीच्या वर्गावर होते.

दुसऱ्या दिवशी पाहते तर सर स्टुलावर उभे, हातात रॉकेलचं फडकं, आणि दोन चौकटी पुसण्याचं काम चाललेलं. मी विचारलं, "काय झालं, सर?"

"काही नाही. दोघांच्या जागा बदलायच्या होत्या. या, तुम्ही हा भाग ऐकलेला नाही."

आणि त्या स्टुलाशेजारी उभं करून त्यांनी मला तो राहिलेला अर्धा तास शिकवला. "आमच्या आईकडे कांदा वजनानं, आकारानं निवडत. पण आतून कुठला कसा आहे ते वजन सांगत नाही, कापावा लागतो. आयोडीनचा स्वभाव वाचा. तो क्लोरिन-ब्रोमीनचा भाऊ आहे. टेल्युरियम गंधकाच्या घरातलं. वजनाप्रमाणे बसवलं तर दोघंही परक्यांच्या घरात जातात. त्या रशियन प्राध्यापकांनी इथे स्वतःचाच नियम मोडला. कार्डं उलटी ठेवली आणि म्हणाले, वजनात काहीतरी चुकलं असेल, स्वभावात नाही. वजनंही बरोबरच होती, बाई. पण त्यांच्यामागून पुढच्यांनी अणूच्या आत डोकावून पाहिलं तेव्हा कळलं, खरा क्रम आतल्या धनभारांच्या मोजणीचा. टेल्युरियम बावन्न, आयोडीन त्रेपन्न. जागा बाहेरच्या वजनानं ठरतच नाही."

मी त्या दोन चौकटींकडे पाहिलं. "अरे देवा. म्हणजे चूक मीच केली."

सर हसले. "आरगॉन आणि पोटॅशियमचीही वजनं उलटी आहेत. ती तुमच्या नजरेतून सुटली म्हणून वाचली, नाहीतर मला आख्खी भिंत घासावी लागली असती."

"काल कुणी काही म्हटलं का?"

"छे. कुणाचं लक्ष गेलं नाही. रॉकेल आहे, पुसलं जातं."

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? सरांना मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात संस्थेनं बाहेरून एक गृहस्थ मुख्याध्यापक म्हणून आणले. सरांपेक्षा वयानं आणि नोकरीनं लहान. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस कुजबुज झाली. कुणी म्हणालं, गांगुर्डे यांनाच पद नको होतं, त्यांना प्रयोगशाळा सुटत नाही. मला ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं, कारण त्याच आठवड्यात मला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं होतं. माझ्या यजमानांचं तेव्हा काम सुटलेलं होतं आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. मी सगळ्यांना पेढे वाटले. सरांनाही दिला. त्यांनी तो लगेच तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा, बाई! छान झालं." मला तो आवाज आठवतो. त्यात काहीही कमी नव्हतं.

सर पुढेही शिकवत राहिले आणि दोन वर्षांपूर्वी साधे शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. मी पर्यवेक्षिका झाले. जुन्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

तीन आठवड्यांपूर्वी, याच ग्रंथासाठी सरांचे जुने फोटो शोधायला मी ते कपाट उघडलं. फोटो सापडले नाहीत. पंच्याहत्तर सालच्या तपासणीची फाईल सापडली.

मी ती उभ्यानंच वाचली. संस्थेच्या मंडळावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं होतं, की प्रयोगशाळेबाहेरच्या सारणीत आयोडीन आणि टेल्युरियम यांची अदलाबदल झालेली आहे. ज्या विभागप्रमुखांना मूलद्रव्यांचं प्राथमिक वर्गीकरण ठाऊक नाही, त्यांचा मुख्याध्यापकपदासाठी विचार होऊ नये. शेजारी समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, सवलतीतून आलेल्यांकडून याहून अधिक अपेक्षा नाही. सही नव्हती.

खाली आणखी एक कागद होता. सरांना लेखी प्रश्न विचारलेला: सदर सारणी कोणी तयार करून घेतली? आणि पुढे माझं नाव, संपूर्ण नाव, आणि 'या परिविक्षाधीन शिक्षिकेचा सहभाग होता काय?' त्याखाली सरांचं ते ठळक, गोल अक्षर: "नाही. भिंतीवरील सारणीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे."

सरांच्या अक्षरात मी पाहिलेलं ते एकमेव खोटं.

मी कपाटाला टेकून खाली बसले.  मला त्या प्राध्यापकांचा राग आला, समासातल्या पेन्सिलीची किळस आली, पण सारखा समोर येत होता तो पेढा. मी माझ्या हातानं दिलेला.

त्याच संध्याकाळी कागद पिशवीत घालून मी नाशिकरोडच्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी अनुसयावहिनींनी दार उघडलं. आत बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं होती आणि सर खुर्चीत बसून नातवंडाच्या वहीला कव्हर घालत होते, लग्नपत्रिकेचं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला.

"अरे, अजून ठेवलंय होय हे? अक्षर बरं होतं माझं तेव्हा."

"सर, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? चूक कळावी म्हणून सांगतात. ती तर तुम्हाला रॉकेलच्या डब्याशेजारीच कळली."

"पण तुमचं पद गेलं!"

"बाई, तुम्ही कायम नव्हता. मी होतो. तुमचं नाव लिहिलं असतं तर तुम्ही घरी गेला असता. माझं लिहिलं तर मी प्रयोगशाळेत राहणार होतो. यात अवघड काय होतं?"

"आणि तुम्ही खरं लिहिलं असतं तरी त्यांनी…"

"तरी त्यांनी दुसरं काही शोधलं असतं," सर शांतपणे म्हणाले. "समासातलं पेन्सिलीचं वाचलंत ना? ते आयोडीनमुळे लिहिलेलं नाही."

अनुसयावहिनी चहा घेऊन आल्या. त्या फटकन म्हणाल्या, "शांतपणानं सांगू ऱ्हायले आता. तव्हा काय झालं ते सांगा ना बाईंना. मोरीत नळ सोडून बसले व्हते."

"अगं, जाऊ दे."

"जाऊ दे कसं? यांच्या आईची लय हौस व्हती बाई, लोकांनी 'हेडमास्तरची आई' म्हणावं. आन् हे मला म्हणले, बरं झालं म्हातारी आधीच गेली, तिला सांगावं नाय लागलं."

मी कप खाली ठेवला. सर खिडकीबाहेर पाहत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "सर, तुमचं पोट आता बरं असतं ना? बाहेरचं पाणी…"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "पोट? यांच्या पोटाला काय धाड भरलीय? दगड पचवतील. पहिल्या दिवशी यांनी तुमच्या माठातलं पाणी घेतलं न् मागनं कुणीतरी माठ धुतला. तव्हापासनं तांब्या."

तेरा वर्षं मी त्या तांब्याशेजारी बसून डबा खाल्ला होता. रोज. आणि एका नाजूक पोटाची गोष्ट रचून घेतली होती, कारण ती मला सोयीची होती. मी स्वतःला हळव्या मनाची समजते. लोकही समजतात. हळव्या मनाला इतकं न दिसणं शक्य असतं, हा मला बसलेला सगळ्यांत मोठा धक्का आहे, आणि तो सरांबद्दलचा नाही, माझ्याबद्दलचा आहे.

मी म्हणाले, "सर, मी हे लिहिणार आहे."

"कशाला? माझी एकसष्टी आहे. लोक जेवायला येणार."

"लिहिणार."

त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग वहीचं कव्हर नीट दाबत म्हणाले, "लिहायचंच असेल तर क्रम नीट ठेवा. मागच्या वेळी घोटाळा केला होता तुम्ही." आणि खळखळून हसले. वहिनीही हसल्या. मी रडत होते आणि हसतही होते.

समितीच्या चिटणीसांना, जे सरांचेच विद्यार्थी आहेत, मी आधी कल्पना दिली. ते गडबडले. "बाई, हा गौरवग्रंथ आहे, चौकशीचा अहवाल नाही. आणि पुढच्या जूनला मुख्याध्यापिका म्हणून तुमचाच नंबर. मंडळावर अजून जुने लोक आहेत. कशाला हात दाखवून अवलक्षण?" त्यांची काळजी खरी होती. मी एवढंच विचारलं, "सर आपल्याला कार्डं लावायला शिकवायचे तेव्हा, न जुळणारं कार्ड लपवायला शिकवलं होतं का?" त्यांनी हात पुढे केला आणि ते म्हणाले, "द्या. एक ओळही न कापता छापतो." त्यांचे मी इथे आभार मानते.

म्हणून नोंद करते. पंच्याहत्तर साली आमच्या शाळेच्या भिंतीवर आयोडीन आणि टेल्युरियम यांच्या जागा मी बदलल्या. गांगुर्डे सरांनी नव्हे. त्यांनी दिलेला क्रम बरोबर होता. ती भिंत अजून आहे. बाकीच्या चौकटींचा रंग फिका पडला आहे, त्या दोनच जरा गडद दिसतात. मुलं विचारतात, या दोन का वेगळ्या? यापुढे मी त्यांना खरं सांगणार आहे.

आमच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा एक लाकडी फलक आहे. त्यावर नवीन नाव लिहिण्याची वेळ पुढच्या जूनला येईल. ते माझं असेल की नाही, हा लेख वाचून मंडळ ठरवील, आणि जे ठरवील ते मला मान्य आहे. पण मी लेखी कळवून ठेवलं आहे, की माझं नाव लिहायचं झालं तर त्याच्या आधी एक ओळ मोकळी सोडावी. रफिकभाई आता थकले आहेत, पण तेवढं काम स्वतः येऊन करीन म्हणाले. "पक्कं ना, बाई?" त्यांनी या वेळीही विचारलं.

सर, तुमची प्रकृती उत्तम राहो, अनुसयावहिनींचा धाक तुमच्यावर असाच राहो, आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तुम्हाला कधी कमी न पडोत. खूप वर्षं जगा. एवढी, की त्या फलकावर ती ओळ पाहायला तुम्ही शाळेत याल. माठ मी स्वतः भरून ठेवीन. तांब्या घरी ठेवून या. तोवर कुणी विचारलं, की ही ओळ मोकळी का, तर वर्ग काय उत्तर देईल ते तुम्हाला ठाऊक आहे. ते तुम्हीच शिकवलेलं आहे.